सॉफ्टनर बसवला, तरी बादलीत फेस नाही

सावनी_
धागा लांबणार आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

आम्ही वाघोलीला राहतो. चाळीस फ्लॅटची सोसायटी, दोन बोअर, उन्हाळ्यात टँकर. पाणी जड. किती जड, तर मागच्या दिवाळीत गीझर उघडला तेव्हा प्लंबरने कॉईलवरून पापुद्रे अक्षरशः सोलून काढले, उकडलेल्या अंड्याचं टरफल काढतात तसे. नळांच्या तोट्यांवर पांढरी दाढी. धुतलेले टॉवेल दोरीवरून काढले की पापडासारखे उभे राहतात.

गेल्या वर्षी वर्गणी काढून सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करायचं यंत्र, बसवला. पहिला महिना स्वर्ग. साबण नुसता लावला तरी फेस, बाथरूमच्या काचेवर डाग नाहीत. मग हळूहळू पुन्हा होतं तसं. आता कंत्राटदार म्हणतो, "मॅडम, रेझिन संपलं, पूर्ण बदलावं लागेल." आमचे सेक्रेटरी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) घेऊन हिंडतायत. मशीनच्या आधी ८६०, मशीननंतर ८७५. त्यांचं म्हणणं, हे यंत्र पहिल्या दिवसापासून फसवणूक आहे, उलट पाणी आणखी खराब करतंय.

लॅबचा रिपोर्ट हातात आहे. बोअरचं पाणी: एकूण हार्डनेस (जडपणा) ४८० पीपीएम, म्हणजे लिटरमागे ४८० मिलिग्रॅम, टीडीएस ८६०, लोह ०.१. रविवारी मीटिंग आहे आणि मी कमिटीत आहे. मला मीटिंगमध्ये काय बोलायचं ते सांगा.

पाणचट
अखेर माझ्या हँडलला साजेसा धागा निघाला. रुमाल टाकून ठेवतो.

बंड्या_७१
सेक्रेटरी बरोबर आहेत. टीडीएस कमी होत नसेल तर यंत्र काय कामाचं? सरळ आरओ बसवा.

प्रोसेसवाला
सावनीताई, पहिलं काम, तो टीडीएस मीटर सेक्रेटरींच्या हातातून काढून घ्या.

मी इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसमध्ये बावीस वर्षं बॉयलर आणि पाणी बघितलं. सॉफ्टनरने टीडीएस कमी होत नाही, व्हायचाच नाही. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते मीटर सांगतं, कोणते ते नाही. सॉफ्टनर क्षार काढत नाही, बदलतो. कॅल्शिअम-मॅग्नेशिअम ठेवून घेतो आणि तेवढ्याच हिशेबात सोडिअम सोडतो. एक कॅल्शिअम, वजन ४०. त्याच्या जागी दोन सोडिअम, वजन ४६. म्हणून नंतरचा आकडा थोडा वाढलेलाच दिसणार. तुमचा ८७५ बघून तर मला बरं वाटलं.

आत काय असतं तेही सांगतो, म्हणजे "रेझिन संपलं" याचा अर्थ कळेल. पॉलिस्टायरीनचे बारीक मणी असतात, मधाच्या रंगाचे, रव्याएवढे. त्यांच्या अंगावर ऋण भार असलेल्या जागा असतात आणि प्रत्येक जागेवर सोडिअम बसलेला असतो. जड पाणी आलं की कॅल्शिअमवर दोन भार, त्याची पकड जास्त, तो सोडिअमला उठवून स्वतः बसतो. सगळ्या जागा भरल्या की पाणी जसं आलं तसं पुढे जातं. मग आपण मिठाचं दाट पाणी सोडतो. सोडिअमची एवढी गर्दी केली की कॅल्शिअमला उठावंच लागतं. तो गटारात जातो आणि मणी परत तयार. याला आम्ही रिजनरेशन म्हणतो. तेच मणी हजारो वेळा वापरता येतात. तुमचं लोह कमी आहे, बोअरच्या पाण्यात क्लोरीनही नसणार. अशा पाण्यात एका वर्षात रेझिन संपत नाही. नीट सांभाळलं तर सात-आठ वर्षं सहज चालतं.

आता मला तीन गोष्टी सांगा. टाकीत रेझिन किती लिटर? रोज पाणी किती जातं? मीठ किती टाकतात आणि किती दिवसांनी?

माजी_मास्तर
प्रोसेसवाल्यांनी छान सांगितलं. मी फक्त साबणाचा हिशेब मांडतो, शाळेत फळ्यावर मांडायचो तसा.

आपल्या जुन्या पुस्तकात या पाण्याला दुष्फेन म्हणत. फेनाला वाईट ते दुष्फेन. यापेक्षा चपखल शब्द मला तरी माहीत नाही. साबण म्हणजे ढोबळमानाने सोडिअम स्टिअरेट. पाण्यात कॅल्शिअम असला की तो स्टिअरेटला धरून खाली बसतो. बादलीच्या कडेला जी राखाडी साय जमते, कॉलरवर जो चिकट थर राहतो, तो मळ नव्हे, तो मेलेला साबण. पाण्यातला सगळा कॅल्शिअम असा मरून खाली बसल्याशिवाय पुढचा साबण फेस करायला मोकळा होत नाही.

१०० ग्रॅम हार्डनेस मारायला सुमारे ६१२ ग्रॅम साबण लागतो. ४८० पीपीएमला लिटरमागे जवळपास ३ ग्रॅम साबण. पंधरा लिटरच्या बादलीला ४४ ग्रॅम! शंभर ग्रॅमची वडी घेतलीत तर निम्मी वडी नुसतं पाणी गप्प करण्यात गेली, कपडा अजून धुवायचाच आहे.

भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, पिण्याच्या पाण्याला २०० पीपीएमपर्यंत हार्डनेस चांगला मानलाय आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायला सांगितलंय. म्हणजे तुमचं पाणी पिण्यालायक नाही असं कोणी म्हणणार नाही. धुण्याच्या दृष्टीने मात्र बेकार.

चिंगी_आणि_मी
मास्तर, मग आजी शिकेकाई-रिठ्याने केस धुवायची तेव्हा हा प्रश्न नव्हता?

माजी_मास्तर
रिठ्यातलं सॅपोनिन साबणासारखं कॅल्शिअमशी साका धरत नाही, म्हणून जड पाण्यातही रिठ्याचा फेस टिकतो. आजीचं बरोबर होतं. कपड्यांची पावडरही साबणापेक्षा बरी वागते, पण तिच्यातही पाणी सांभाळायला सोडा नाहीतर झिओलाइट घातलेलं असतं. झिओलाइट म्हणजे सावनीच्या मशीनचाच चुलतभाऊ, कॅल्शिअम घेतो, सोडिअम देतो.

बंड्या_७१
मान्य, टीडीएसचं माझं चुकलं. पण पाइपाला बाहेरून लावायचं चुंबकाचं यंत्र मिळतं, मीठबीठ काही नको. ते का नाही?

प्रोसेसवाला
लावा आणि आधी-नंतर हार्डनेस मोजा. ४८० चे ४८०च येतील, कारण त्यातून काही बाहेर गेलेलंच नाही. साबणाला पाण्यात कॅल्शिअम आहे की नाही एवढंच कळतं.

सावनी_
प्रोसेसवाले दादा, तुमचे तीन प्रश्न घेऊन सकाळी साडेसहाला पंपरूममध्ये जाऊन उभी राहिले.

आमचे पंपवाले मामा बिचारे एकटे. बोअर, टँकर, लिफ्टचा जनरेटर, सगळं त्यांच्याकडे. मला बघून जरा दचकलेच. मी म्हटलं, मामा, तुम्ही रोज करता तसंच करा, मी फक्त बघते.

त्यांनी निळ्या पिंपात दोन घमेली जाडं मीठ ओतलं. मी घमेलं घरच्या वजनकाट्यावर ठेवलं (त्यावर आता पोळ्यांची कणीक मोजायची नाही असं सासूबाईंनी बजावलंय). दोन्ही मिळून आठ किलो. काठीने चार वेळा ढवळलं. तळाला खडे तसेच. मग मशीनवरचा दांडा फिरवून ब्राइनवर (मिठाचं पाणी सोडायच्या खुणेवर) आणला, आठ-दहा मिनिटं मोबाईल बघितला, दांडा परत सर्व्हिसवर. झालं! पिंपात अर्धं मीठ शिल्लक. विचारलं, बॅकवॉश? तर म्हणाले, "त्यात पाणी लई वाया जातं ताई, साहेबांनी नको म्हटलंय."

साहेब म्हणजे आमचेच सेक्रेटरी.

आता उत्तरं. टाकीवरच्या पट्टीवर लिहिलंय रेझिन १०० लिटर. पाणी रोज साधारण वीस हजार लिटर. मीठ दर तीन दिवसांनी. पहिला महिना बसवणाऱ्यांचा माणूस रोज येऊन करत होता, मग त्याने मामांना दहा मिनिटांत शिकवलं आणि गेला.

पाणचट
रेझिन उपाशी आणि आरोप रेझिनवरच.

प्रोसेसवाला
ताई, तुमच्या पोस्टमध्येच सगळं उत्तर आहे. आकडेमोड करू.

चांगलं मीठ दिलं तर एक लिटर रेझिन ५०-५५ ग्रॅम हार्डनेस धरतं. १०० लिटर म्हणजे साडेपाच किलो. तुमच्या एका लिटर पाण्यात ०.४८ ग्रॅम. भागा. ११,४०० लिटर. एवढं पाणी गेलं की मशीनने हात वर केले. हे पोट भरून मीठ दिल्यावर, म्हणजे लिटरमागे १५० ग्रॅम, एका वेळी १५ किलो. तुम्ही देताय आठ, त्यातलंही अर्धं पिंपात. सगळे आठ किलो पोचले असते तरी आठ हजार लिटरपर्यंत गेलं असतं. तुम्ही एका रिजनरेशनवर साठ हजार लिटर काढताय. म्हणजे सकाळी केलं तर संध्याकाळच्या आत संपलं, पुढचे दोन-अडीच दिवस बोअरचं पाणी जसंच्या तसं घरात. लोकांना तीन दिवसांतून एकदा सकाळी थोडा फेस दिसत असेल बघा. आणि गीझरवर थर चालूच.

आता पद्धत. ही छापून पंपरूमच्या भिंतीवर लावा. आदल्या रात्री १५ किलो मीठ पन्नास लिटर पाण्यात टाकून ठेवायचं, सकाळपर्यंत आपोआप विरघळतं. सकाळी आधी दहा मिनिटं बॅकवॉश, खालून वर पाणी. मणी सैल होतात, वर बसलेली माती निघून जाते. हे केलं नाही तर मणी गच्च बसतात आणि मिठाचं पाणी एकाच बाजूने वाट काढून पळतं. मग ब्राइन, आणि इथे घाई नाही, किमान अर्धा तास. मिठाच्या पाण्याने मण्यांजवळ वेळ घालवला तरच अदलाबदल होते. मग त्याच सावकाशीने साध्या पाण्याने ढकलायचं, शेवटी जोरात रिन्स. बाहेर पडणारं पाणी जिभेला खारट लागायचं थांबलं की सर्व्हिस.

आयोडीनवालं बारीक मीठ नको, गोठळ्या धरू नये म्हणून त्यात भुकटी मिसळलेली असते. मिठागरातलं जाडं मीठ चालतं, पण मातीचं असेल तर पिंपाच्या तोंडाला फडकं बांधा. धुतलेलं मिळालं तर उत्तम.

आणि एक हार्डनेस किट आणा. एका बाटलीत नमुना, त्यात बफरचे थेंब, मग इंडिकेटरची चिमूटभर पूड. पाणी लगेच निळं झालं तर हार्डनेस शून्य. लाल वाइनच्या रंगाचं झालं तर कॅल्शिअम आहे. मग तिसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे निळं होईपर्यंत, जितके थेंब जास्त तितका हार्डनेस जास्त. मामांना हे दोन मिनिटांत जमेल. आमच्याकडे चौथी शिकलेला ऑपरेटर होता, तो रंग बघून पाच पीपीएम सांगायचा.

खर्चिक
थांबा. वीस हजार लिटरला दिवसातून जवळजवळ दोनदा. म्हणजे रोज तीस किलो मीठ? महिन्याला नऊशे किलो?? सोसायटी चालवायची की मिठाचं गोदाम?

प्रोसेसवाला
बरोबर पकडलंत. म्हणूनच ताईंना विचारतो, फ्लशची लाईन वेगळी आहे का? आणि मशीनचं मिठाचं पाणी बाहेर कुठे सोडलंय?

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, एक इचारू? आमचं गाव मूर्तिजापूरकडं, खारपाण पट्ट्यात. पाणी तोंडात घेतलं तं खारं लागते. टीडीएस ३१०० दाखवते. तुरीचं वरण शिजता शिजत नाही, माय सोडा टाकते. हे यंत्र आमच्याकडं चालते काय?

प्रोसेसवाला
भाऊ, खोटं सांगत नाही, तुमच्या पाण्याला हे औषध नाही. पूर्णेच्या खोऱ्यातलं तुमचं पाणी मुळात खारं, त्यात सोडिअम आधीच भरपूर. सॉफ्टनर खारटपणा काढत नाही, उलट पाण्यातला सोडिअमच मण्यांवरची पकड ढिली करतो आणि हार्डनेस थोडा निसटतो. तुम्हाला प्यायला-रांधायला आरओ लागेल. इथे बंड्याभाऊ बरोबर.

वरणाचं म्हणाल तर आईचा सोडा योग्यच. कॅल्शिअम डाळीच्या पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरतो म्हणून दाणा फुटत नाही. सोड्याने ती पकड सुटते. फार टाकू नका, चव जाते.

बंड्या_७१
धागा वाचनखुणेत टाकला.

म्युनिकची_मावशी
आमच्याकडचं सांगते. इथलं पाणीही चुनखडकातलं, १६ जर्मन अंशांच्या आसपास. एक अंश म्हणजे १७.८ पीपीएम, म्हणजे साधारण २८५. इथे कपड्यांच्या पावडरच्या प्रत्येक खोक्यावर मऊ, मध्यम, जड अशा तीन पाण्यांसाठी तीन मापं छापलेली असतात. नवीन आले तेव्हा मी मऊच्या मापाने टाकायचे आणि कपडे करडे निघायचे. भांड्यांच्या मशीनमध्ये तर तळाला हेच रेझिन असतं, म्हणून त्यात मीठ घालावं लागतं. पुण्यातल्या बहिणीच्या मशीनमध्ये ते झाकण वर्षभर कोणी उघडलंच नव्हतं, आणि ग्लास पांढरे का येतात म्हणून ती मला व्हिडिओ कॉलवर दाखवत होती.

सावनी, सॉफ्टनर नीट सुरू झाला की पावडर निम्म्यावर आण हं. नाहीतर पुढून उघडणाऱ्या मशीनमधून फेस बाहेर येईल, माझ्याकडे सुट्टीत घर बदललं तेव्हा झालंय.

चिंगी_आणि_मी
माझ्या लेकाला एक्झिमा आहे. मऊ पाण्याने त्वचा सुधारते असं विकणारे सांगतात. खरं का?

गोळ्या_औषधं
मी डॉक्टर आहे, त्वचेची नाही. पण यावर इंग्लंडमध्ये व्यवस्थित चाचणी झाली होती, निकाल २०११ मध्ये आला. एक्झिमा असलेली ३३६ मुलं, निम्म्यांच्या घरी बारा आठवडे आयन एक्स्चेंज सॉफ्टनर, म्हणजे सावनीच्या यंत्रासारखाच. मोजमाप करणाऱ्या नर्सेसना कोणाच्या घरी यंत्र आहे ते माहीत नव्हतं. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. तेव्हा कपड्यांसाठी, गीझरसाठी बसवा, एक्झिमासाठी पैसे घालू नका. औषध आणि मॉइश्चरायझर चालू ठेव.

सावनी, तुझ्यासाठी वेगळं. ४८० पूर्ण उतरवलं तर लिटरमागे २२० मिलिग्रॅम सोडिअम जास्त येतो. दोन लिटर प्यायलं तर एक ग्रॅमहून थोडं अधिक मीठ. धडधाकट माणसाला ते मोठं नाही, पण रक्तदाब, किडनी, हृदयाचे पेशंट आणि तान्ह्या बाळाचं दूध यासाठी ते पाणी वापरू नये. स्वयंपाकघरात पिण्याची लाईन सॉफ्टनरच्या आधीची ठेवता आली तर बघ, नाहीतर नंतर आरओ.

सावनी_
सगळ्यांचे आभार, मीटिंगआधी चार गोष्टी तपासल्या.

फ्लशची टाकी गच्चीवर वेगळी आहे. पण बसवताना दोन्ही टाक्यांना सॉफ्टनरमधूनच पाणी दिलंय! वर्षभर आम्ही कमोड मऊ पाण्याने धूत होतो.

आणि मिठाचं पाणी. दादा, तुम्ही विचारलंत तेव्हाच पोटात गोळा आला. पाइप कंपाउंडच्या कोपऱ्यात सोडलाय. तिथला कढीपत्ता जानेवारीत वाळला. आम्ही माळ्याला बोलणी खायला लावली होती.

माजी_मास्तर
माळ्याची माफी मागा.

कढीपत्त्याचं निघालं म्हणून अवांतर. ही सगळी विद्या मातीतूनच आलीय. १८५० मध्ये इंग्लंडात थॉम्प्सन आणि वे यांनी शेतातल्या मातीतून अमोनिअमचं खत ओतलं, तर खाली कॅल्शिअम उतरला. माती अदलाबदल करते हे तेव्हा कळलं. पाणी मऊ करायला सुरुवातीला कृत्रिम झिओलाइट वापरत. १९३५ मध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स यांनी पहिली कृत्रिम रेझिनं केली. ग्रामोफोनच्या तबकडीचा चुरा करून बघितल्यावर त्यांना हे सुचलं असं सांगतात. हल्लीचे पॉलिस्टायरीनचे मणी चाळीसच्या दशकातले. आणि सोडिअम फार झाला की मातीच घट्ट होते, पाणी मुरत नाही. वऱ्हाडातल्या त्या भाऊंना विचारा, त्यांची जमीन तेच सांगेल.

वऱ्हाडी_ठेचा
हो ना मास्तर. पाऊस झाला की चिखल, उघडला की दगड.

प्रोसेसवाला
ताई, फ्लश बाहेर काढलात तर वीसचे पंधरा हजार उरतील. आणि पाणी शून्यावर आणायची गरज बॉयलरला, माणसाला नाही. १५० पीपीएम ठेवलं तरी साबण उत्तम चालतो. म्हणून बायपासचा व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून तीस टक्के बोअरचं पाणी तसंच मिसळा. सॉफ्टनरमधून जाईल साडेदहा हजार. रोज एक रिजनरेशन, पंधरा किलो मीठ, महिन्याला साडेचारशे. खर्चिकसाहेब, निम्म्यावर आलं ना?

शून्यावर ठेवलं असतंत तर आठ दिवसांत तक्रार आली असती, "अंगावरचा साबण निघतच नाही, बुळबुळीत वाटतं." जड पाण्यात जे कचकचीत स्वच्छ वाटतं तो त्वचेवर बसलेला साक्याचा थर असतो. सवय मोडायला वेळ लागतो.

मिठाचं पाणी ड्रेनेजच्या लाईनला जोडा. बागेत नको, बोअरजवळ तर अजिबात नको.

तिसरा_मजला
आमच्या सोसायटीत नळाच्या जाळीत पिवळे बारीक मणी येतायत. मला वाटलं कोणाच्या टाकीत रवा सांडला. हेच का ते?

प्रोसेसवाला
हेच. टाकीच्या तळाची गाळणी फुटलीय. आजच मशीन बायपास करा, नाहीतर सगळं रेझिन घरोघरी पोचेल.

सावनी_
बरोबर सोळा दिवसांनी अपडेट.

रेझिन बदललं नाही. कंत्राटदाराला किटची बाटली दाखवली तेव्हा त्याने विषय बदलला. फ्लशची लाईन तोडली, ड्रेनेज जोडलं, बायपास दादांनी सांगितला तसा. पहिले दोन दिवस दिवसातून दोनदा रिजनरेशन केलं, बॅकवॉशला काळपट गाळ निघाला, बादलीभर. तिसऱ्या दिवशी मशीननंतरचं पाणी किटमध्ये निळं झालं. सेक्रेटरींनी ते तीनदा करायला लावलं, मग बोअरचं पाणी घेऊन स्वतः थेंब मोजले. टीडीएस मीटर त्यांनी खिशात ठेवला, पण अजून खिशात असतो.

मामा आता रोज सकाळी सातला ग्रुपवर बाटलीचा फोटो टाकतात. खाली एकच शब्द, "निळं". बाकी गुड मॉर्निंगची फुलं बंद झाली, हा वेगळा फायदा. माळ्याला नवीन कढीपत्ता आणून दिलाय, दुसऱ्या कोपऱ्यात.

फक्त आज फोटोत रंग जांभळा होता. ते काय?

प्रोसेसवाला
जांभळा म्हणजे दोन्हींच्या मधलं, थोडा हार्डनेस निसटायला लागलाय. नमुना रिजनरेशनच्या आधी घेतलाय की नंतर ते मामांना विचारा. आधीचा असेल तर मशीन दिवसभर पुरून आता थकलंय, ठीक आहे. नंतरचा असेल तर रात्री मीठ भिजवायचं राहिलंय.

सावनी_
आधीचा. काल पाहुणे होते, सगळ्यांकडेच. लग्नाची तिथी होती.